सळी तुटायचा तास

३ जानेवारी

लेकीने ही वही आणून दिली. म्हणाली, "आई, घरी आल्यावर तू दोन तास लॅबचं पुराण लावतेस. ते इथे लिही आणि आम्हाला सुखाने जेवू दे." जेवा बापडे.

आज सकाळी बरोबर दहाला चार नंबरच्या भट्टीत सळी टांगली. करंगळीएवढी असेल. पण ती वीजघरातल्या वाफेच्या मोठ्या पाइपातून कापलेल्या तुकड्याची आहे. तो पाइप पंचवीस वर्षं तापतोय. तापलेलं पोलाद ओझ्याखाली हळूहळू लांबतं, डोळ्याला दिसत नाही, आणि एक दिवस तुटतं. साहेबलोक त्याला क्रीप म्हणतात. सळी किती लांबली ते डायलचा काटा दाखवतो, तो काटा वाचायचं काम माझं. एकतीस वर्षं वाचतेय. सातवी पास आहे, तीही मास्तरांनी ढकलली म्हणून.

आमची डॉक्टरबाई औषध देत नाही, नुसतीच डॉक्टर. तिने एक सूत्र बसवलंय. सळ्या भरपूर तापवून पटापट तोडायच्या आणि त्यावरून कमी तापात किती टिकतील ते काढायचं. तिने सांगितलं, ही सळी सहाशे अंशांवर चोवीसशे तास टिकणार. टिकली तर सूत्र खरं, आणि पाइपाला आणखी आठ वर्षं मिळतील. आधी तुटली तर कमिटी वीजघर बंद करणार.

आमचे जावई त्याच वीजघरात आहेत. त्याच पाइपाखाली उभे असतात.

४ जानेवारी

फिटरशी पैज लागली. तो म्हणाला, "डॉक्टरबाईंचा आकडा चुकत नाही. चोवीसशे."

मी म्हटलं, "छट. निम्म्यात जाईल. सळीचं तोंडच सांगतंय."

"सळीला तोंड कुठे असतं मावशी?"

"तुला दिसत नाही म्हणून तू फिटर राहिलास."

हरेल त्याने महिनाभर भट्टीखोलीची फरशी पुसायची. खरं तर सळीचं तोंड वगैरे काही नाही. त्याच्या विरुद्ध बोलायचं एवढंच. पण आता बोलले ते बोलले.

१९ जानेवारी

काटा रोज अर्धी रेघ सरकतो. ढिम्म. गोगलगाय बरी.

डॉक्टरबाई दिवसातून तीनदा येते, वाकून बघते, हुं म्हणते, जाते. उंच, वाळकी, काळे कपडे. भिंतीला टेकवून ठेवलेली छत्री जणू. माझ्याशी बोलते ती एकच वाक्य, "मावशी, कशाला हात लावू नका हं." एकतीस वर्षांत मी कशाला हात लावलाय?

मोठे साहेब आज फिरकले. आले, घाम पुसला, "चालू द्या" म्हणाले, गेले. खुर्चीवरून उठवून आणलेलं पोतं, परत खुर्चीवर नेऊन ठेवलं.

घरी जावई गॅसचं बटण बंद आहे का ते तीनदा बघतात. एकदा झोपायला जाताना, एकदा गेल्यावर, एकदा परत उठून. मी विचारलं, "जावईबापू, ते बटण पळून जातं का?" म्हणाले, "नाही आई, पण बघितलेलं बरं." लेकीने या माणसात काय बघितलं देव जाणे. मला तरी बटणच दिसतं.

२ फेब्रुवारी

आज एक चांगलं काम केलं.

चार नंबरच्या भट्टीला खालून बोटभर फट आहे, सळीचा दांडा बाहेर येतो तिथे. तिथून वारा आत शिरतो. भट्टी बिचारी तापवतेय आणि वारा निववतोय. एकतीस वर्षं बघतेय, कुणाला सुचलं नाही. शिकलेल्यांचं असंच. आज दहाचं रीडिंग घेतलं, तास सातशे वीस, आणि ग्लासवूलची, म्हणजे काचेच्या कापसाची, एक पट्टी गुंडाळून त्या फटीत ठासून बसवली. पांढऱ्यात पांढरी, कळतसुद्धा नाही. वीज काय कुणाच्या बापाची आहे?

कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर लगेच मीटिंग घेतात.

६ फेब्रुवारी

काट्याला चेव आलाय. रोज दोन-दोन रेघा. फिटरचं तोंड बघण्यासारखं झालंय.

डॉक्टरबाईने सळीला टांगलेली वजनं पुन्हा मोजली. बरोबर. ताप बघितला. आकडा सहाशे, बरोबर. भट्टीत ताप मोजायच्या तारा दोन, एक मधे, एक खाली. पण खालची वर्षभर मेलेली आहे. नवी मागवलीय, कागद टेबलाटेबलावर फिरतोय. "मावशी, काही वेगळं दिसलं का?" विचारलं तिने. म्हटलं, "काहीच नाही." वेगळं काय दिसणार? सगळं जिथल्या तिथे आहे.

१४ फेब्रुवारी

डॉक्टरबाईचा डबा आज परत तसाच गेला. दोन घास खाऊन बंद केला. म्हटलं, "खा गं, आकड्यांनी पोट भरत नाही." हसली नाही.

२१ फेब्रुवारी

तुटली! सकाळी आठला आले तर तास मोजायचं घड्याळ अकराशे बाहत्तरवर थांबलेलं, वजनं खाली वाळूत टेकलेली. निम्म्यात म्हटलं होतं की नाही? मी फिटरच्या हातात फडकं दिलं. तो म्हणाला, "मावशी, तुझी जीभ काळी आहे."

"जीभ नाही, नजर."

डॉक्टरबाई तुटलेले दोन तुकडे घेऊन खिडकीशी बसली होती. दुपारपर्यंत तिथेच. मी चहा ठेवला तर म्हणाली, "मावशी, माझं सूत्र चुकलं. म्हणजे तो पाइप धोक्याचा आहे. आणि मी दोन वर्षं सगळ्यांना चांगला आहे म्हणून सांगत होते."

पैज जिंकल्याची मजा तेवढी गेली.

२३ फेब्रुवारी

वीजघराला कळवलं. वाफेचा दाब कमी केला, निम्मी माणसं घरी बसवली. चार मार्चला कमिटी बसणार आणि कुलूप लागणार असं सगळेच बोलतात. जावई घरी बसलेल्यांत. लेकीला सहावा महिना आहे.

जावयांनी एका दिवसात स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. मीठ साखरेच्या जागी. मी चहात मीठ घातलं, तर म्हणाले, "आई, चिठ्ठी लावलीय डब्याला." चष्मा लावून चहा करायचा का मी? हा माणूस कामावर गेला पाहिजे. पाइप धोक्याचा असेल तर जाऊही नये. कुठे ठेवायचा त्याला?

२५ फेब्रुवारी

फिटर फरशी पुसत होता. पुसता पुसता चार नंबरच्या खाली मान घातली आणि तसाच थांबला.

"मावशी, हे काय कोंबलंय इथे?"

"ग्लासवूल. मी बसवलं. वारा येत होता. आहे की नाही डोकं?"

तो उठून बसला. फडकं हातात तसंच. "कधी बसवलंस?"

"झाले की तीन आठवडे. का?"

"अगं, या भट्टीचं खालचं वेटोळं मुद्दाम जास्त तापतं ठेवलंय. खालून वारा येतो म्हणून. वारा बंद केलास तर खालचा ताप वर चढणार. मधली तार सहाशे दाखवत बसली आणि सळी खाली भाजली."

"काहीतरीच. थोडासा वारा तो."

"पातेल्यावर झाकण ठेवलं की दूध उतू जातं का नाही? गॅस तेवढाच असतो ना?"

दूध तर माझंही उतू गेलंय.

मग तो हळूच म्हणाला, "पट्टी मी काढून टाकतो. कुणी बघितलं नाही. जूनमध्ये तू रिटायर होऊन घरी जाशील. उगाच कशाला."

मी म्हटलं, "फरशी पूस."

२६ फेब्रुवारी

काहीही लिहिण्यासारखं नाही. जावयांनी आज चपलासुद्धा उंचीप्रमाणे लावल्या.

२७ फेब्रुवारी

सांगून टाकलं. आठलाच डॉक्टरबाईच्या खोलीत गेले, उभ्याउभ्या सांगितलं, म्हटलं, काय शिक्षा असेल ती एकदम द्या, हप्त्याहप्त्याने नको.

मला वाटलं रडेल नाहीतर ओरडेल. ती टुणकन उठली. "कधी? मावशी, कोणत्या दिवशी? किती वाजता?"

"दोन तारखेला. दहाचं रीडिंग घेतलं आणि लगेच."

"नक्की आठवतंय?"

"आठवायला कशाला पाहिजे? वहीत आहे."

बोलून बसले आणि जीभ चावली. ती म्हणाली, "कोणती वही?"

मी म्हटलं, त्या पानाची नक्कल करून आणते. नाही म्हणाली. मग पान फाडून आणते. तेही नाही. "फाडलेलं पान बघून साहेब म्हणतील, काल रात्री लिहिलं असेल. अख्खी वही हवी, पहिल्या पानापासून. आणि मावशी, तुमचे जावई वीजघरात आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. जावयासाठी बनाव केला म्हणतील. वही नसेल तर तुमच्या शब्दाला कुणी विचारणार नाही."

हे बरंय. खोटं बोलले असते तर कुणाला पत्ता लागला नसता, खरं बोलले तर पुरावा आण.

म्हटलं, वहीत खासगी आहे. म्हणाली, "मी फक्त तारखा बघेन." लबाड. माणसं फक्त तारखा बघतात का? उद्या देते म्हटलं. हे लिहून झालं की देणार. डॉक्टरबाई, वाचत असशील तर वाच. छत्री म्हटलं ते वाईट अर्थाने नव्हतं. थोडं होतं.

१ मार्च

वही गेली. हे आलेखाच्या कागदाच्या पाठीवर लिहितेय.

काल आणि आज चार नंबरची भट्टी रिकामी तापवली. डॉक्टरबाईने दुसऱ्या भट्टीची तार आणून खाली लावली. पट्टी न लावता खाली सहाशे. पट्टी लावून सहाशे बावीस. पट्टी मलाच बसवायला लावली, तेव्हा ठासली होती तशीच. दोनदा काढून दोनदा बसवली. बावीसच.

म्हटलं, "बावीसच ना? सहाशेत बावीस म्हणजे काय, वरणात चिमूटभर."

"मावशी, सहाशेला जी सळी चोवीसशे तास टिकते ना, ती सहाशे बावीसला साडेसहाशेसुद्धा नीट टिकत नाही."

एवढ्याशा पट्टीने?

तिने माझ्यासमोर कागदावर मांडलं. पहिले सातशे वीस तास साध्या तापात, त्यात सळीचं तीस टक्के आयुष्य गेलं. उरलेलं सत्तर टक्के कडक तापात, ते साधारण साडेचारशे तासांत संपतं. बेरीज अकराशे एकोणसत्तर. सळी तुटली अकराशे बाहत्तरला. तीन तासांचा फरक. डायलचे जुने आकडे काढले, तर काटा पळायला लागला तोही दोन तारखेच्या दहानंतर. माझ्याच अक्षरात.

म्हणजे सूत्र बरोबर होतं. पोरीने डबा काढला आणि सगळा खाल्ला. माझ्या डब्यातलंही.

खाता खाता म्हणाली, "छत्री पावसात उपयोगी पडते हो मावशी."

फक्त तारखा बघणार होती.

४ मार्च

कमिटी. लांब टेबल, चार साहेब, मधे आमचे मोठे साहेब, टोकाला मी. वहीवर गोल शिक्का आणि नंबर पडलाय. आता ती लॅबची मालमत्ता आहे. माझी वही!

पुरावा मोठ्याने वाचायचा असा नियम आहे म्हणे. मोठे साहेब स्वतः वाचायला बसले. मी डॉक्टरबाईकडे बघितलं, ती छताकडे बघत होती. ते वाचत वाचत एकोणीस जानेवारीला आले. छत्री झाली. घाम पुसला. "खुर्चीवरून उठवून आणलेलं..." इथे थांबले. बाकीचे तिघे म्हणाले, पुढे? त्यांनी पुढचंही वाचलं. मन लावून वाचलं, हे मान्य केलं पाहिजे.

मग बारीक मिशीवाले एक साहेब म्हणाले, "बाई, तुमचे जावई तिथे कामाला आहेत. त्यांची नोकरी वाचावी म्हणून हे मागाहून लिहिलं नाही कशावरून?"

मी म्हटलं, "साहेब, खालच्या चार ओळी वाचा."

मोठे साहेब वाचायला लागले. गॅसचं बटण. मग पान उलटून डबे, चहात मीठ, चपला. मिशीवाल्यांनी तोंडावर रुमाल धरला. दुसरे एक म्हणाले, "हे जावयासाठी लिहिलेलं नाही. हे निश्चित."

निकाल लागला. पाइप चालेल. आठ नाही, चार वर्षं. ताप ठरवलेल्या रेषेच्या वर एक अंशही जाता कामा नये, दर तासाला माणसाने जाऊन मोजायचा, नुसत्या यंत्रावर सोडायचं नाही. नवी सळी पुन्हा टांगायची, पट्टीशिवाय. मला कडक समज, लेखी, फाइलला. ती योग्य आहे. इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते, ती मला लागली.

मग सहीसाठी कागद फिरला. साक्षीदार म्हणून माझीही सही पाहिजे होती. पेन घेतलं आणि परत खाली ठेवलं. मघापर्यंत सगळे हसत होते, मीही हसत होते. कागदावर लिहिलेलं होतं की पाइप चांगला आहे, आणि का, तर मावशीने लिहिलंय म्हणून. दोन तारीख, दहा वाजता. दहाच होते ना? चहा आधी घेतला की नंतर? पट्टी तेव्हाच बसवली की फिटर गेल्यावर?

वाकून डॉक्टरबाईला विचारलं, "पोरी, नक्की ना?"

तिने खोटा धीर दिला नाही. म्हणाली, "नक्की असं यात काही नसतं मावशी. अंदाज असतो. तीन तासांपर्यंत जुळला त्यात थोडं नशीब आहे. पण चुकला तरी चार वर्षं जातील इतकी जागा मी ठेवलीय."

"तू उभी राहशील त्या पाइपाखाली?"

"परवा जातेय. ताप मोजायला."

"मी पण येते," म्हटलं. मग सही केली. चार वेळा तारीख तपासून. मोठे साहेब म्हणाले, "झालं का बाई?" म्हटलं, "बघितलेलं बरं."

६ मार्च

वीजघर. डोक्यावर टोपी, कानात बोळे, वर लोखंडी जिना, पायऱ्यांतून खालचं सगळं दिसतं. मला चढवेना. जावई पुढे उतरून आले, हात दिला. ते कालपासून कामावर आहेत. घरात हा माणूस कपाटाला धक्का न लावता चालतो. इथे चार माणसं त्याने बोट केलं की पळत होती.

पाइप बघितला. पांढरं वेष्टण घातलेला, माझ्या मिठीत मावणार नाही एवढा जाड, डोक्यावरून आरपार गेलेला. खाली उभं राहिलं की कान, दात, सगळं थरथरतं. डॉक्टरबाई तार लावून आकडे सांगत होती, जावई लिहीत होते. लिहून झालं की पुन्हा बघत होते. मग तिसऱ्यांदा बघत होते. मी मधे बोलले नाही. बघू दे. दहादा बघू दे.

काम झाल्यावर डॉक्टरबाई बाजूला गेली. जावयांनी कानाशी येऊन विचारलं, "आई, घाबरलात का?"

"मी? छट. तुमच्याकडे वहीची नक्कल आलीय ना? पुरावा म्हणून?"

"आलीय. नियंत्रण कक्षात सगळ्यांनी वाचली. दोन शिफ्टनी."

"मग?"

"डब्यांच्या चिठ्ठ्या मोठ्या अक्षरात लावतो."

वर बघितलं. पाइप तसाच. एवढ्या आवाजात कुणाला काही ऐकू जात नाही, म्हणून विचारून घेतलं, "तुम्ही इथे किती वेळ उभे असता रोज?"

"आठ तास. तुम्ही चला आता खाली, इथे बाहेरच्या माणसांनी थांबायचं नसतं."

मी हललेच नाही. म्हटलं, "सही माझी आहे. एक स्टूल आणा."